एकदाच मिळणारा संस्कार : कॅथलिक बाप्तिस्म्याचा इतिहास

कॅथलिक ख्रिस्तसभेत सात पवित्र संस्कार आहेत आणि बाप्तिस्मा, म्हणजेच स्नानसंस्कार, हा त्यांतला पहिला. तो झाल्याखेरीज उरलेल्या सहांपैकी एकही घेता येत नाही. विधीचा गाभा अगदी छोटा आहे. डोक्यावर तीनदा पाणी ओतायचे किंवा तीनदा पाण्यात बुडवायचे, आणि त्याच वेळी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देत असल्याचे शब्द उच्चारायचे. एवढ्याने, ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे, आदिपाप आणि स्वतः केलेली सगळी पापे धुतली जातात, माणूस ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात वाटेकरी होतो, देवाचे लेकरू बनतो, ख्रिस्तसभेचा घटक होतो आणि त्याच्या आत्म्यावर कायमचा ठसा उमटतो. ठसा पुसत नाही म्हणून संस्कारही दुसऱ्यांदा होत नाही.

ही शिकवण सुरुवातीपासून अशी नेटकी बांधलेली नव्हती. ती वादांतून, छळातून, साथीच्या रोगांतून आणि राजकारणातूनही घडत गेली. त्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा संस्कार देवाने दिलेले दान आहे, की माणसाने विचारपूर्वक टाकलेले पाऊल? दान असेल तर ते तान्ह्या बाळाला देता येते, शुद्ध हरपलेल्या रुग्णालाही देता येते. पाऊल असेल तर आधी समज हवी, तयारी हवी, मनापासून होकार हवा. कॅथलिक परंपरेने यांतली कोणतीही बाजू सोडली नाही, पण दर काही शतकांनी पारडे एकीकडून दुसरीकडे झुकत राहिले.

यहुदी लोकांना शुद्धीचे स्नान नवे नव्हते. जेरुसलेममध्ये आणि आसपासच्या गावांत पायऱ्या असलेली त्या काळची स्नानकुंडे उत्खननात मोठ्या संख्येने सापडली आहेत. ते स्नान वारंवार करायचे असे आणि प्रत्येकजण स्वतःच पाण्यात उतरे. यॉर्देन नदीकाठी योहानाने दिलेला बाप्तिस्मा दोन बाबतींत वेगळा होता. तो पश्चात्तापाची खूण म्हणून एकदा घ्यायचा होता, आणि तो दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागे. ही दुसरी गोष्ट पुढे कॅथलिक परंपरेत घट्ट रुजली: स्वतःला स्वतः बाप्तिस्मा देता येत नाही. येशूनेही योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा करतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेन्टेकॉस्टच्या एका दिवशी सुमारे ३,००० लोकांनी बाप्तिस्मा घेतल्याची नोंद आहे. त्याच ग्रंथात फिलिप्पै नगरातली जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया आणि तिथला तुरुंगाधिकारी हे दोघे घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतात. त्या घरांत लहान मुले होती का, हे मजकूर सांगत नाही, आणि पुढे शतकानुशतके दोन्ही पक्ष याच ओळींचा आधार घेत आले. अर्थाच्या दृष्टीने सर्वांत खोल ठसा उमटवला तो संत पौलाने. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात त्याने पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनासाठी उठणे, असा अर्थ लावला. धुण्याचा विधी त्यामुळे मरणाचा आणि जन्माचा विधीही झाला.

पहिल्या पिढ्यांचा व्यवहार कसा होता ते ‘डिडॅखे’ या छोट्या ग्रीक पुस्तिकेत दिसते. ती साधारणपणे पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानली जाते. तिचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये हाती लागले आणि १८८३ मध्ये छापले गेले. वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा. तसे पाणी नसेल तर दुसरे चालेल. थंड नसेल तर कोमट. आणि पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे, असे ती सांगते. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपवास करावा, असेही तिच्यात आहे. इतक्या आरंभीच्या काळातला हा व्यवहारीपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाणी किती, हा प्रश्न तेव्हाही गौण होता.

तिसऱ्या शतकापर्यंत तयारीचा काळ लांबला. रोमच्या हिप्पोलिटसच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात दीक्षार्थ्यासाठी तीन वर्षांचे शिक्षण सांगितले आहे. हा ग्रंथ एकहाती नाही, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, तरी त्यातले तपशील अनमोल आहेत. येणाऱ्याला प्रथम धंदा विचारला जाई. कुंटणखाना चालवणारा, मूर्ती घडवणारा, आखाड्यात माणसांशी झुंजणारा, ज्योतिष सांगणारा, यांनी धंदा सोडावा किंवा परत जावे. मुलांना ग्रीक-रोमन विद्या शिकवणाऱ्या शिक्षकाने ते काम सोडलेले बरे, पण पोटापाण्याचे दुसरे साधन नसेल तर त्याला चालू ठेवण्याची मुभा होती. बाप्तिस्म्याच्या पहाटे कोंबडा आरवताना पाण्यावर प्रार्थना होई. सगळे वस्त्रे उतरवत. आधी मुले, मग पुरुष, मग केस मोकळे सोडलेल्या आणि दागिने काढून ठेवलेल्या स्त्रिया पाण्यात उतरत. ज्या मुलांना बोलता येत नसे त्यांच्या वतीने आईबाप किंवा घरचे कोणी उत्तर देई. सैतानाचा त्याग केल्यावर तेलाचा अभ्यंग, मग पाण्यात उभे असताना श्रद्धेविषयी तीन प्रश्न आणि प्रत्येक होकारानंतर एकदा बुडवणे. बाहेर आल्यावर पुन्हा तेल, वस्त्रे, बिशपांचा हात मस्तकावर, आणि मग आयुष्यातला पहिला ख्रिस्तप्रसाद. त्यासोबत दूध आणि मध मिसळून दिला जाई, कारण दूध-मधाच्या वचनदत्त भूमीत पाऊल पडले होते.

अशा विधीची प्रत्यक्ष जागाही एका ठिकाणी टिकली होती. सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या ड्युरा-युरोपोस या सीमेवरच्या शहरात तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एका साध्या घराचे ख्रिस्ती प्रार्थनागृह केले गेले. सन २५६ च्या सुमारास सासानी सैन्याने शहर घेतले. त्याआधी तटबंदी भक्कम करण्यासाठी रोमनांनी तटालगतची घरे मातीने बुजवली होती आणि त्या मातीनेच भिंतींवरची चित्रे जपली. १९३० च्या दशकाच्या आरंभी येल विद्यापीठाच्या आणि फ्रेंच अकादमीच्या उत्खननात ती उजेडात आली. घरातल्या एका खोलीत खांबांवर कमान तोललेले कुंड होते, छतावर तारे रंगवलेले होते, कुंडाच्या वर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आणि खाली आदाम व एवा होते. एका भिंतीवर हातात दिवट्या घेतलेल्या स्त्रिया एका मोठ्या पेटीकडे चाललेल्या दिसतात. अनेक अभ्यासकांच्या मते त्या येशूच्या कबरीकडे निघालेल्या स्त्रिया आहेत. पौलाने शब्दांत सांगितलेला अर्थ इथे भिंतीवर उतरला होता: पाप, शोध, कबर आणि तारे.

तयारी जितकी कडक, तितकी माणसे बाप्तिस्मा लांबणीवर टाकू लागली. बाप्तिस्म्याने सगळी पापे धुतली जातात आणि तो एकदाच मिळतो, तर तरुणपणात घाई कशाला, हा हिशेब चौथ्या शतकात सर्रास होता. त्याआधीच, सन २०० च्या सुमारास, बाप्तिस्म्यावरचा पहिला स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या टर्टुलियनने लहान मुलांच्या बाबतीत थांबलेले बरे, असा सल्ला दिला होता. त्याच्या सल्ल्यावरून एवढे मात्र कळते की उत्तर आफ्रिकेत तेव्हा मुलांना बाप्तिस्मा देण्याची चाल होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोझची बिशप म्हणून निवड केली तेव्हा त्याचा बाप्तिस्माच झालेला नव्हता. तो घाईने उरकावा लागला. पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑगस्टिनच्या जिभेवर बालपणी दीक्षार्थ्याचे मीठ ठेवले गेले, कपाळावर क्रूसाची खूण झाली, पण आई मोनिकाने बाप्तिस्मा पुढे ढकलला. ३८७ च्या ईस्टरच्या रात्री, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने अँब्रोझच्या हातून मिलानमध्ये तो घेतला. त्याचा मुलगा आदेओदातुस आणि मित्र अलिपियुस हेही त्याच रात्री कुंडात उतरले. ते अष्टकोनी स्नानगृह आजच्या मिलान कॅथिड्रलखाली अवशेषरूपाने पाहता येते. आठ बाजू आठव्या दिवसाच्या, म्हणजे सात दिवसांच्या चक्रापलीकडच्या पुनरुत्थानाच्या दिवसाच्या. रोमच्या लॅटरनचे स्नानगृहही त्याच आकाराचे आहे.

बाप्तिस्म्याचा अर्थ सर्वांत जास्त घडवला तो उत्तर आफ्रिकेतल्या दोन वादांनी. पहिला वाद होता देणाऱ्याचा. ख्रिस्तसभेपासून फुटलेल्या पंथात कोणी बाप्तिस्मा घेतला असेल, तर परत येताना तो पुन्हा द्यायचा का? २५५-५६ मध्ये कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता की द्यायलाच हवा, कारण ख्रिस्तसभेबाहेर पवित्र आत्मा नाही. रोमचा पोप स्टीफन पहिला याचे म्हणणे उलट होते: नुसता हात ठेवून स्वीकारावे. हा वाद चौथ्या शतकात डोनॅटस-पंथीयांनी पुन्हा पेटवला. छळाच्या काळात ज्या बिशपांनी पवित्र ग्रंथ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांच्या हातचे संस्कार व्यर्थ, असे ते मानत. ऑगस्टिनने दिलेले उत्तर पुढच्या सगळ्या कॅथलिक विचाराचा पाया ठरले. पाणी पेत्र ओतो की यहूदा, बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त. पळून गेलेल्या सैनिकाच्या अंगावरची सम्राटाची खूण परत आल्यावर नव्याने गोंदवत नाहीत, तसाच हा ठसा. या विचारामुळे सामान्य भाविकाला मोठाच दिलासा मिळाला, कारण आपल्या धर्मगुरूच्या अंतःकरणाची झडती घेण्याची गरज त्याला उरली नाही.

दुसरा वाद होता घेणाऱ्याचा. पेलागियुस आणि त्याचे अनुयायी म्हणत की मूल निष्पाप जन्मते. मग तान्ह्यांना पापक्षमेचा बाप्तिस्मा का देतात, असा ऑगस्टिनचा प्रतिप्रश्न होता. ख्रिस्तसभा तो देते आहे, त्याअर्थी आदामाच्या पापाचा वारसा त्यांच्यातही आहे. ४१८ च्या कार्थेज परिषदेने हीच भूमिका उचलून धरली. ऑगस्टिनच्या मागे त्याचा स्वतःचा एक अनुभवही होता. तरुणपणी थागास्ते या गावी त्याचा जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला आणि त्या अवस्थेतच घरच्यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. मित्र शुद्धीवर आल्यावर ऑगस्टिनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. दोघे मिळून हसू, असे त्याला वाटले होते. मित्राने मात्र शत्रूकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले आणि असे बोलायचे असेल तर मैत्री संपली, असे बजावले. काही दिवसांतच ताप उलटला आणि तो गेला. न कळता झालेला संस्कार माणसाला आतून बदलतो, हे ऑगस्टिनने ‘कन्फेशन्स’मध्ये नोंदवले आहे, आणि दान या बाजूचा इतका जिवंत पुरावा त्या काळच्या दुसऱ्या कोणत्या लेखनात क्वचितच मिळेल.

या शिकवणीचा एक परिणाम फार दुखरा होता. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचे काय? ऑगस्टिनने त्यांना अगदी सौम्य का होईना, शिक्षा आहे असे मानले. मध्ययुगातल्या धर्मपंडितांनी ती कठोरता कमी करून ‘लिंबो’ची कल्पना पुढे आणली: यातना नाहीत, नैसर्गिक सुख आहे, पण देवाचे दर्शन नाही. ही कल्पना ख्रिस्तसभेने श्रद्धातत्त्व म्हणून कधी जाहीर केली नाही, पण गावोगावच्या आयांच्या मनावर तिचे ओझे शतकानुशतके होते. बालमृत्यू घरोघरी होते, म्हणून जन्मल्याबरोबर बाप्तिस्मा हा नियम झाला. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने चाळीस किंवा ऐंशी दिवस थांबण्याच्या चालीविरुद्ध स्पष्ट बजावले. धर्मगुरू पोहोचेपर्यंत बाळ जगेल याची खात्री नसे, म्हणून सुइणींना बाप्तिस्म्याचे शब्द शिकवले जात. ८६६ मध्ये बल्गेरियनांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप निकोलस पहिला याने तर बाप्तिस्मा देणारा ख्रिस्ती नसला तरी त्रैक्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा खरा, असे सांगितले होते. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सच्याच परिषदेने हेच नेमके केले: निकडीच्या वेळी पुरुष, स्त्री, अख्रिस्ती, पाखंडी, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, फक्त शब्द व पाणी बरोबर हवे आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू हवा. सात संस्कारांत इतके मोकळे दार दुसऱ्या कशालाच नाही.

बालकांचा बाप्तिस्मा हाच नेहमीचा झाल्यावर विधीही आटला. तीन वर्षांची तयारी एका तासात मावली; दारातले प्रश्न, मीठ, सैतानाला हाकलण्याच्या प्रार्थना, सगळे एकामागोमाग एक. पश्चिमेकडे बिशपांच्या हातचा तेलाचा अभ्यंग वेगळा पडून दृढीकरण हा स्वतंत्र संस्कार काही वर्षांनंतर दिला जाऊ लागला. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांनी मात्र बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही एकत्र ठेवले, तिथे तान्हे बाळ आजही त्याच दिवशी ख्रिस्तप्रसाद घेते. उतरून जायची कुंडे गेली आणि कमरेइतक्या उंचीची दगडी भांडी आली. तेराव्या शतकात थॉमस अक्विनसच्या लेखी बुडवणे हीच अधिक रूढ पद्धत होती, पण पुढे ओतणे सर्वत्र झाले. बाळाच्या वतीने उत्तर देणारे धर्मपिता आणि धर्ममाता यांचे महत्त्व याच काळात वाढले. गोव्यात त्यांना पाद्रीन आणि माद्रीन म्हणतात. हे नाते इतके खरे मानले जाई की त्यातून लग्नास अडथळा येई.

पाऊल या बाजूचा पूर्ण विसर पडला की काय होते, याची उदाहरणेही इतिहासात आहेत आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शार्लमेनने सॅक्सन लोकांवर बसवलेल्या कायद्यात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, बाप्तिस्मा टाळणाऱ्यास देहान्त शिक्षा होती. त्याच्याच दरबारच्या अल्क्विन या विद्वानाने लेखी विरोध केला: श्रद्धा स्वेच्छेची असते, माणसाला बाप्तिस्म्याकडे ढकलता येते, श्रद्धेकडे नाही. त्याआधी ६३३ च्या टोलेडो परिषदेने यहुद्यांवरची सक्ती चुकीची ठरवली, पण ज्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला होता त्यांना ख्रिस्तीच राहावे लागेल असेही सांगितले. १२०१ मध्ये पोप इनोसंट तिसरा याने भेद केला: शेवटपर्यंत नकार देणाऱ्याला ठसा मिळत नाही, पण भीतीपोटी होकार देणाऱ्याला मिळतो. भीतीचा होकार ग्राह्य धरला की न पुसणारा ठसा ही दिलाशाची कल्पना बेडी बनते. १३९१ च्या दंगलींत जीव वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतलेल्या स्पेनमधल्या यहुद्यांची कुटुंबे पुढे इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाच्या तावडीत सापडली ती याच तर्काने.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा इतिहास पोर्तुगीजांबरोबर आला. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. दक्षिणेत एका महिन्यात आपण १०,००० हून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिला, असे त्याने १५४५ मधल्या पत्रात लिहिले आहे. तो प्रार्थना आणि आज्ञा स्थानिक भाषेत पाठ करून घेई, आणि प्रत्येकाला त्याचे नवे नाव लिहून हाती देई. गोव्यात १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याची व्यवस्था झाली. १५६७ च्या गोव्याच्या प्रांतिक परिषदेने धाकदपटशाने कोणाला बाप्तिस्म्याला आणू नये असे तत्त्व मांडले, आणि त्याच परिषदेने हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंदीही मागितली. पोर्तुगीज नावे आणि आडनावे याच काळात लोकांना बाप्तिस्म्यातून मिळाली; आडनाव बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे असे. १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या वसईतल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत ती आडनावे आजही आहेत. आधी बाप्तिस्मा आणि मग शिक्षण असा क्रम पडल्यामुळे शिक्षणाची पोकळी राहिली, आणि ती भरण्याच्या धडपडीतून मराठीला एक मोठा ग्रंथ मिळाला. धर्मगुरू थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचे हे काव्य प्रामुख्याने नवख्रिस्ती लोकांसाठी रचलेले आहे, ज्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि नव्या श्रद्धेची कथा अजून कानी पडली नव्हती.

दक्षिण भारतातल्या मिशनांत बाप्तिस्म्यावरून एक वेगळाच पेच उभा राहिला. रोमन विधीत धर्मगुरू बोटाला स्वतःची थुंकी लावून बाळाच्या कानांना आणि नाकाला स्पर्श करी. येशूने बहिऱ्याला बरे केले त्याची ती आठवण होती. तो बाळाच्या तोंडावर फुंकरही घाली. जिथे उष्ट्याचा विटाळ पाळला जातो तिथे हे पवित्र वाटणे शक्यच नव्हते. मदुराई आणि कर्नाटकातले येशूसंघीय धर्मगुरू म्हणूनच थुंकी, फुंकर आणि मीठ गाळत. पोपचे प्रतिनिधी शार्ल द तूर्नों यांनी १७०४ मध्ये पाँडिचेरीत काढलेल्या फर्मानात हे गाळणे मना केले. वाद रोममध्ये चार दशके चालला. १७४४ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावा याने फर्मानाचा गाभा कायम ठेवला, पण थुंकी आणि फुंकर यांबाबत काही वर्षांची सूट दिली. संस्काराचा गाभा कोणता आणि त्याभोवतीचा आचार कोणता, हा फरक भारतातल्या या वादाने जितका उघडा केला तितका युरोपातल्या पुस्तकांनी केला नव्हता.

युरोपात दरम्यान सोळाव्या शतकाने आणखी एक घाव घातला. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही जणांनी बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून प्रौढपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. १५२७ मध्ये त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला नगरपरिषदेने नदीत बुडवून मारले. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने मात्र बालबाप्तिस्मा कायम ठेवला. ट्रेंटच्या परिषदेने मार्च १५४७ मध्ये बाप्तिस्म्यावर चौदा नियम जाहीर केले आणि १५६३ मध्ये एक साधी वाटणारी आज्ञा दिली: प्रत्येक धर्मग्रामाच्या गुरूने बाप्तिस्म्याची वही ठेवावी आणि तीत धर्मपिता-धर्ममाता यांची नावे लिहावीत. लग्नाला अडथळा ठरणारी नाती कळावीत, हा तिचा हेतू. कॅथलिक जगात गरीब शेतकऱ्याच्या मुलीचे नाव पहिल्यांदा कागदावर आले ते बहुतेक वेळा या वहीत, आणि आज लोकसंख्येचा, आडनावांचा, रोगराईचा इतिहास लिहिणारे त्या वह्यांवरच विसंबतात.

कोणीही देऊ शकतो आणि कधीही पुसत नाही, या दोन नियमांची सर्वांत क्लेशकारक गाठ १८५८ मध्ये बोलोन्या शहरात पडली. पोपच्या राज्यात असलेल्या या शहरातल्या मोर्तारा या यहुदी कुटुंबातील एदगार्दो हा सहा वर्षांचा मुलगा शिपायांनी उचलून नेला. तो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने गुपचूप त्याला बाप्तिस्मा दिला होता, आणि कायद्याने ख्रिस्ती मूल यहुदी घरात वाढू शकत नव्हते. युरोपभर निषेध झाला. पोप नववा पायस यांनी मूल परत दिले नाही. एदगार्दो पुढे धर्मगुरू झाला आणि १९४० मध्ये बेल्जियममध्ये वारला. आईबापांचा हक्क आणि संस्काराचे सामर्थ्य यांत काय वरचढ, या प्रश्नाला त्या वेळी दिले गेलेले उत्तर आज वाचताना सहन होत नाही.

विसाव्या शतकात पारडे पुन्हा तयारी आणि होकार यांच्याकडे झुकले. १९५१ मध्ये बाराव्या पायसने ईस्टरची जागरणरात्र पुन्हा रात्री साजरी करण्यास परवानगी दिली आणि तीत सगळ्या भाविकांनी आपली बाप्तिस्म्याची वचने नव्याने उच्चारण्याची प्रथा आली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याची दीक्षा परत आणण्याचे ठरवले. तिचा विधी १९७२ मध्ये निघाला. १९६४ मध्ये विश्वपरिषदेने इतर ख्रिस्ती पंथांतल्या बाप्तिस्मा झालेल्यांशीही खरे, जरी अपुरे, नाते आहे असे मान्य केले. बालकांच्या बाप्तिस्म्याचा नवा विधी १९६९ चा. त्यात प्रथम आईबापांनाच विचारले जाते: बाळाचे नाव काय ठेवले, ख्रिस्तसभेकडून त्याच्यासाठी काय मागता, त्याला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी समजते ना. छातीवर तेल, मग पाणी, मग माथ्यावर सुगंधी पवित्र तेल, पांढरे वस्त्र, आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती वडिलांच्या किंवा धर्मपित्याच्या हाती. कान आणि ओठ यांना स्पर्श करण्याचा विधी राहिला, थुंकी राहिली नाही. १९८३ च्या धर्मनियमांनी संताचे नाव बंधनकारक ठेवले नाही. ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसले म्हणजे पुरे. धर्मपिता किंवा धर्ममाता किमान सोळा वर्षांची, दृढीकरण झालेली कॅथलिक असावी लागते. मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी आशा अजिबात नसेल, तर बाप्तिस्मा पुढे ढकलण्यास तेच नियम सांगतात.

लिंबोचा प्रश्न २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाच्या निवेदनाने हळुवारपणे बाजूला ठेवला: बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचे तारण होईल अशी आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे. पाण्याच्या बाप्तिस्म्यापूर्वी श्रद्धेपायी मारल्या गेलेल्यांचा रक्ताचा बाप्तिस्मा आणि ओढ असूनही मरण आड आलेल्यांचा इच्छेचा बाप्तिस्मा ख्रिस्तसभा पूर्वीपासूनच मानत आली होती.

शब्दांच्या बाबतीत मात्र ती जराही सैल झालेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने खुलासा केला की ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ तुला बाप्तिस्मा देतो असे म्हटले असेल, तर तो बाप्तिस्मा झालेलाच नाही, कारण तिथे जमलेला समाज नव्हे तर ख्रिस्त स्वतः बाप्तिस्मा देत असतो आणि धर्मगुरू त्याच्या जागी ‘मी’ म्हणतो. तो खुलासा वाचून अमेरिकेतल्या डेट्रॉइट धर्मप्रांतातल्या एका तरुण धर्मगुरूला आपल्या बालपणीच्या बाप्तिस्म्याची चित्रफीत आठवली. तीत ‘आम्ही’ होते. म्हणजे त्याचा बाप्तिस्मा नव्हता, म्हणून दृढीकरण नव्हते, म्हणून गुरुदीक्षाही नव्हती. तिन्ही संस्कार त्याला नव्याने घ्यावे लागले. त्याने अर्पण केलेल्या मिस्सा आणि ऐकलेले पापनिवेदन ग्राह्य ठरले नाही. ज्यांची लग्ने त्याने लावली होती त्यांनी धर्मप्रांताशी संपर्क साधावा असे कळवण्यात आले. त्याने बाळांना दिलेले बाप्तिस्मे मात्र सगळे खरे ठरले, कारण बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो.